फुटक्या कपबशांचे राज्य

शिल्पकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर संगमरवर उभा राहतो, नाहीतर ब्राँझचा घोडा. जिन्नस महाग, म्हणून कला थोर, असा हा आपला सराफकट्ट्यावरचा हिशेब! या हिशेबाशी माझे भांडण आहे, आणि साक्षीला मी उभे करतो चंदीगडचे नेकचंद यांना.

नेकचंद जन्मले १९२४ साली, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातल्या एका खेड्यात. फाळणीने ते गाव कायमचे तुटले. पोटासाठी ते चंदीगडला बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर झाले. ल कॉर्बूझिए तिथे काटकोनात नवे शहर आखीत होता, आणि त्या शहरासाठी जुनी खेडी पाडली जात होती. मागे काय उरले? फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे. नेकचंदांनी ते सारे सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या रानात नेले. ती बांधकामाला मनाई असलेली सरकारी जागा होती! नोकरी सांभाळून पंधरा वर्षांहून अधिक काळ हा माणूस तिथे चोरून एक राज्य वसवीत होता.

त्यांची रीत अगदी साधी. भंगार लोखंडाचा सांगाडा, त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा, आणि अंगभर बसवलेले काचेचे नि चिनी मातीचे तुकडे. त्यातून नर्तकी, पाणक्या, माकडे, मोर यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्याचे गाव गेले, त्याने उठलेल्या गावांच्या राडारोड्यातून नवे गाव वसवले! कुणाच्या तरी मनगटावर किणकिणलेली ती बांगडी. तिच्यात जो संसार आहे, तो संगमरवरात कुठून आणायचा?

गुपित फुटले तेव्हा कायद्याने सारे जमीनदोस्तच व्हायचे. पण लोक पाहायला लोटले, नि १९७६ साली ती बाग सर्वांना खुली झाली. १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. १९९० साली बुलडोझर आले, तेव्हा नागरिकच आडवे उभे राहिले. २०१५ साली नेकचंद गेले, बाग आहे.

"पण शिकले कुठे ते? कलाशाळेचा दाखला कुठला?" असे विद्वान विचारतातच. मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर. कादंबरी लिहिली की मलाही हेच विचारतात! दाखला खुशाल असावा. पण डोळा आणि हात यांची जागा तो कधी घेईल?

आणि आता वाचकहो, तुमच्या अंगणाकडे येतो. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन पोरे दिवाळीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरतात, फुटक्या आरशाचे तळे करतात. तेही नेकचंदांचेच काम नव्हे काय? ते सोडून तुम्ही बाजारातून प्लॅस्टरचा रंगीत किल्ला आणता. का, तर घरात घाण नको! मग तीच मुले चित्रकलेच्या तासाला माझ्यापुढे बसतात आणि विचारतात, "गुरुजी, यात कोणता रंग भरू?" हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. ज्यांनी कधी चिखलात हात घातला नाही, त्यांना मी काय शिकवू?

बाजारचा किल्ला दिवाळीनंतर माळ्यावर जातो. चिखलाचा किल्ला पावसात विरतो खरा, पण तो करणारे हात मोठे होतात. यंदा पोराला पैसे देऊ नका. फुटकी कपबशी द्या!