व्हिंटेज म्हणे!

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आपलं लहानपणीचं खेळणं नेटवर 'व्हिंटेज' म्हणून विकायला ठेवलेलं दिसावं, यासारखा दुसरा धक्का नाही! तीच लाल जीप, तेच चार सेल. आमची माळ्यावर होती. २००४ साली बाबांनी व्हीआरएस घेतली (घ्यावी लागली म्हणा), त्या पैशांतली पहिली खरेदी म्हणजे ही रिमोटची गाडी. आईने त्या दिवशी स्वयंपाक केला, पण कुणाशी बोलली नाही.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत जीप सापडली. रिमोटमधले सेल वर्षानुवर्षं तसेच राहून पाझरलेले, आतला बोर्ड हिरवागार. रिमोट संपलाच. गाडी घेऊन तपकीर गल्लीत गेले, तर दुकानदाराने एका नजरेत निकाल दिला, ''मॅडम, आतलं जुनं सगळं काढून टाका, नवीन ड्रायव्हर बसवा.''

घरी येऊन सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, ''नेमकं बिघडलंय काय, ते बघितलं का त्याने?''

बाबा कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. मग काय, रविवारी डायनिंग टेबलवर ऑपरेशन! जीपमधल्या इवल्याशा बोर्डवर दोन खाती निघाली. एक ऐकणारं. २७ मेगाहर्ट्झवर येणारे रिमोटचे ठोके मोजणारी, १६ पायांची आरएक्स-२ चिप. रिव्हर्सला ४० ठोके, पुढे जाताजाता डावीकडे वळायला २८. (शेजारच्या मुलाची गाडीही २७चीच. त्याने बटण दाबलं की आमची जीप पलंगाखाली!) दुसरं खातं राबणारं, म्हणजे ट्रान्झिस्टरांचा एच-ब्रिज. इंग्रजी 'एच'च्या आडव्या दांडीत मोटर, उभ्या दांड्यांत चार स्विच. तिरपे समोरासमोरचे दोन चालू केले की मोटर सुलटी फिरते, उरलेले दोन केले की उलटी.

चिप काढली. तिच्या फॉरवर्डच्या पायाच्या जागी बाबांनी एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून प्लस टेकवला. चाकं गर्रकन फिरली. मी अक्षरशः किंचाळले! राबणारं खातं ठणठणीत होतं, त्याला सांगणारंच कुणी उरलं नव्हतं.

सांगायचं काम मग ईएसपी३२ला दिलं. चार वायरी, चार रेझिस्टर, दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र जोडलेलं (हे विसरलात तर काहीच हलत नाही, अनुभवाचे बोल). मोटर सुरू होताना व्होल्टेज ओढते आणि ईएसपी रिसेट होतो, म्हणून त्याला वेगळी पॉवर बँक. वायफायवर मोबाइलमध्ये चार बटणं. एकदम सॉलिड!

आणि मी उत्साहात दोन्ही अंगठ्यांनी पुढे आणि मागे एकदमच दाबलं. रिमोटच्या दांड्याला हे जमायचंच नाही, तो एका वेळी एकाच बाजूला कलणार. मोबाइलच्या काचेला कसली अडचण? 'एच'चे चारही स्विच एकदम चालू झाले, मोटरला वळसा घालून सेल थेट शॉर्ट. जळका वास आला आणि बाबांनी झडप घालून सेल उपसले.

''इंटरलॉक नाही टाकलास?''

म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कारखान्यात मोटर उलटसुलट फिरवायला दोन कॉन्टॅक्टर असतात. एक ओढलेला असताना दुसरा ओढलाच जाऊ नये, अशी जोडणी करतात. तेच मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं. आधी एक बाजू बंद, मग क्षणभर थांबायचं, मगच दुसरी चालू. मी टाइप करत होते, बाबा पाठीमागे उभं राहून तपासत होते. मास कॉममध्ये माझ्या एकाही कॉपीला इतका कडक एडिटर लाभला नव्हता.

एक एस८०५० ट्रान्झिस्टर मात्र जळाला. पुन्हा तपकीर गल्ली, या वेळी बाबाही सोबत. दुकान तेच. बाबांनी मुद्दाम तीन घेतले, दोन जादा.

संध्याकाळी जीप पॅसेजमधून थेट स्वयंपाकघरात शिरली. आईने पदराला हात पुसले, ''आण इकडे'' म्हणाली आणि माझ्या हातून मोबाइल घेतला.