मुलांना युरोप दाखवताना

तीन पिढ्यांपूर्वी युरोपचा प्रवास ही महाराष्ट्रात संस्थानिकांची, बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या तरुणांची आणि मोजक्या सधन व्यापाऱ्यांची मिरास होती. आज शाळेत, बँकेत किंवा कारखान्यात नोकरी करून वर्षानुवर्षे शिल्लक टाकणारी कुटुंबेही मे महिन्याच्या सुट्टीत मुलाबाळांना आणि आजी-आजोबांना बरोबर घेऊन पॅरिस, रोम, व्हेनिसच्या वाटेला लागतात, आणि या बदलाचे मला मनःपूर्वक समाधान वाटते. परंतु एवढा पैसा, एवढे श्रम आणि मुलांच्या वयातली पुन्हा न येणारी एक सुट्टी ज्या प्रवासावर खर्ची पडते, त्याची आखणी बहुधा अशा रीतीने केली जाते की, त्या शहरांजवळ देण्यासारखे जे सर्वांत मौल्यवान आहे तेच नेमके मुलांच्या पदरात पडत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की शहरे थोडी निवडावीत, मुक्काम लांबवावा, आणि राजेरजवाड्यांची खाजगी दौलत सर्वांची मिळकत कशी झाली, हे त्या शहरांतून मुलांना सावकाशपणे दाखवावे.

रूढ कार्यक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. दहाबारा दिवसांत सहासात देश, पहाटे सामान बांधून बसमध्ये चढणे, दुपारी दुसऱ्या देशात उतरणे, ठरलेल्या जागी छायाचित्रे काढणे आणि रात्री तिसऱ्याच कुठल्या गावाबाहेरच्या हॉटेलात पाठ टेकणे, असा तो क्रम असतो. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी १९८५ साली झालेल्या करारापासून सरहद्दींवरची तपासणी हळूहळू उठत गेली आणि आता एकाच व्हिसावर एकोणतीस देशांत हिंडण्याची मुभा मिळते. शतकानुशतके एकमेकांशी झुंजलेल्या राष्ट्रांनी केलेली ही तजवीज थोर आहे यात शंका नाही. मात्र सरहद्द ओलांडणे इतके सोपे झाल्यामुळे किती देश झाले याची मोजदाद हेच प्रवासाचे माप होऊन बसले. अशा प्रवासाहून परतलेल्या मुलाच्या स्मरणात घुमट, मनोरे आणि कारंजी यांची सरमिसळ राहते, पण ते कोणी बांधले, कोणासाठी बांधले आणि आज ते कोणाचे आहेत, हे त्याला सांगता येत नाही. कारण तो प्रश्न मनात उद्भवण्यापुरतीही उसंत त्याला मिळालेली नसते.

पॅरिसचे लूव्हर हे संग्रहालय या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. फ्रान्सच्या राजांचा हा वाडा. १७९३ च्या जानेवारीत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी, राजसत्ता कोसळल्याच्या पहिल्या वाढदिवशी, त्याच वाड्याचे दालन प्रजेसाठी चित्रशाळा म्हणून खुले करण्यात आले. ज्या चित्रांसमोर दरबारी मंडळींनीच उभे राहावे अशी वहिवाट होती, त्यांच्यासमोर भाजीवाला आणि चांभार ताठ मानेने उभे राहू लागले, ही घटना मुलांना त्या वाड्याच्याच जिन्यावर बसवून सांगितली पाहिजे.

परंतु गोष्टीची दुसरी बाजूही तिथेच सांगावी. लिओनार्दोची मोनालिसा ज्या दालनात आहे तिथे तिच्याकडे तोंड करून दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या गर्दीची पाठ असते ती समोरच्या भिंतीवरच्या व्हेरोनीजच्या ‘काना येथील विवाहभोजन’ या चित्राकडे. लूव्हरमधले हे सर्वांत मोठे चित्र, जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद, व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी रंगवलेले होते. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते कापून, गुंडाळून पॅरिसला नेले आणि नेपोलियनचा पाडाव झाल्यावरही ते परत गेले नाही. त्या मठात २००७ पासून त्याची हुबेहूब प्रतिकृती लावलेली आहे. त्याच स्वारीत नेलेले सेंट मार्कच्या देवालयावरचे चार घोडे मात्र १८१५ मध्ये व्हेनिसला परत मिळाले. परंतु ते घोडे व्हेनिसकरांनीही १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले होते. एका राष्ट्राची सार्वजनिक संपत्ती ही दुसऱ्याची लूट असू शकते, हे सत्य वसाहतीच्या अमलाखाली राहिलेल्या देशाच्या मुलांना समजायला जड जात नाही. फक्त त्या दालनात पाठ फिरवून उभे राहण्याइतका वेळ त्यांच्या आईवडिलांनी राखून ठेवलेला असावा लागतो.

लूव्हर क्रांतीने खुले झाले. फ्लॉरेन्समधला खजिना एका बाईच्या दस्तऐवजाने वाचला. मेदिची घराण्याने तीन शतके जमवलेली चित्रे, पुतळे, हस्तलिखिते आणि जडजवाहीर यांची अखेरची वारस अॅना मारिया लुइझा. भाऊ निपुत्रिक वारला, राज्य परक्या लोरेन घराण्याकडे गेले. अशा वेळी तिने १७३७ साली नव्या राजाशी करार केला आणि सर्व कलासंपत्ती त्याच्या स्वाधीन करताना अट घातली की यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये. या अटीची जी कारणे तिने नमूद केली ती मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहेत: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशस्थांचे कुतूहल. ज्या काळी परदेशस्थ म्हणजे बहुधा शत्रू, हेर किंवा सावकार असे समजण्यात येई, त्या काळी आपल्या घराण्याच्या मिळकतीत अनोळखी प्रवाशाचा हिस्सा लेखी नोंदवून ठेवणारी ही बाई दूरदृष्टीची होती. वासारीने १५६० पासून सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेल्या उफ्फीझीच्या इमारतीतली ही चित्रशाळा १७६९ मध्ये लोकांसाठी उघडण्यात आली. आज तिथे प्रवेश करणारे सातारा-सोलापूरचे मूल त्या करारनाम्यातले लाभार्थी आहे. आणि अठरा वर्षांखालील मुलांकडून, ती कोणत्याही देशाची असोत, इटलीची सरकारी संग्रहालये व लूव्हर प्रवेशमूल्य घेत नाहीत, हा त्या जुन्या हिश्शाचाच आजचा दाखला म्हणायला हरकत नाही.

फ्लॉरेन्समध्ये दुपारपुरते थांबणाऱ्या मराठी कुटुंबाला आणखी एका गोष्टीला मुकावे लागते. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने कासिने नावाचे विस्तीर्ण उद्यान पसरलेले आहे. एके काळी तेही मेदिचींचे कुरण आणि शिकारीचे रान होते. त्याच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तिथे दगडी छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा. इंग्लंडचा प्रवास आटोपून मायदेशी परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. इटलीत दहनाची प्रथा नसतानाही तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांचे अंत्यसंस्कार झाले. चार वर्षांनी उभारलेल्या या स्मारकाची छत्री, पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने आखला त्याच मँटने योजली. आणि नंतर जवळच आर्नोवर बांधलेल्या पुलालाही लोकांनी या भारतीयाचेच नाव दिले. महाराजांनी या प्रवासात लिहिलेली रोजनिशी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातून युरोप पाहायला निघालेल्या पहिल्या जिज्ञासूंपैकी एकाची ही जागा मध्यवस्तीपासून ट्रॅम आणि थोडी पायपीट एवढ्याच अंतरावर आहे, आणि परक्या नगरीने परक्या तरुणाचा मृत्यू किती आदराने सांभाळला हे आपल्या मुलांनी तिथे उभे राहून पाहिले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

ज्या राजाने अॅना मारियाशी करार केला तो फ्रान्सिस हा व्हिएन्नाच्या मारिया थेरेसाचा पती. आणि उफ्फीझीचे दरवाजे उघडणारा लिओपोल्ड व व्हिएन्नातले प्रातर हे राखीव शिकारीचे रान १७६६ साली सर्व रयतेला खुले करणारा दुसरा जोसेफ हे या दांपत्याचेच दोन मुलगे. फ्लॉरेन्सहून व्हिएन्नाला जाणारे मूल अशा रीतीने एकाच कथेचा उत्तरार्ध पाहायला जाते. तिथे सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ मध्ये शहराभोवतीचे तट आणि बुरूज पाडण्याचा हुकूम काढला; मोकळ्या झालेल्या जमिनीचा काही भाग खाजगी मालकांना विकून त्या पैशातून वर्तुळाकार राजमार्गावर नाट्यगृह, संग्रहालये आणि इतर सार्वजनिक इमारती उभारण्यात आल्या. पुढे १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आले, आणि आजही घरोघरच्या नळाला तेच पाणी येते. मुलांना राजवाडे दाखवावेत. पण चौकातल्या नळावर ओंजळ धरून ते पाणी प्यायला लावणे, त्यांच्याबरोबर ट्रॅममधून तिकीट काढून हिंडणे आणि संध्याकाळी प्रातरमध्ये तिथल्या मुलांशेजारी त्यांना खेळू देणे हे नगरविद्येचे पाठ राजवाड्याच्या तोडीचे आहेत.

सार्वजनिक संपत्तीला पाहुण्यांपासूनही अपाय पोहोचतो, हे शिकण्याची जागा व्हेनिस. या शहराच्या जुन्या बेटांवर १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत असत. २०२२ मध्ये ही वस्ती पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे प्रवाशांना भाड्याने देण्यात अधिक नफा असल्यामुळे रहिवाशांना परवडणारी घरे उरत नाहीत. किराणा दुकानाच्या जागी मुखवटे विकणारे दुकान येते, आणि शिक्षक, परिचारिका, सुतार खाडीपलीकडे मुख्य भूमीवर राहायला जातात. अवजड पर्यटक जहाजांना २०२१ पासून शहराच्या मधोमध जाणाऱ्या कालव्यात मज्जाव करण्यात आला आणि एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसवण्यात आला. रात्री मुक्काम करणाऱ्याला हा कर नाही. या भेदातला आशय पालकांनी ध्यानात घ्यावा. जो सकाळी येऊन दुपारी निघतो तो गल्ल्या अडवतो आणि कचरा मागे ठेवतो. जो राहतो तो निदान पावाच्या दुकानात, औषधाच्या दुकानात आणि बोटीच्या धक्क्यावर शहराच्या नित्य व्यवहारात भागीदार होतो.

यावर सयुक्तिक आक्षेप आहेत. पहिला असा की, जन्मात एकदाच एवढा खर्च करायचा तर जमेल तितके पाहून का घेऊ नये? ज्याने आयुष्यभर काटकसर केली त्याची ही तळमळ मी हलकी लेखत नाही. तथापि धावत्या बसमधून पाहिलेले शहर पाहिले असे म्हणता येत नाही, आणि प्रवासाच्या तासांतच सुट्टीचा मोठा भाग सरतो. दुसरा आक्षेप वृद्धांच्या प्रकृतीचा, शाकाहाराचा आणि अपरिचित भाषेचा. सहल कंपन्यांनी या अडचणी दूर केल्या म्हणून हजारो कुटुंबे घराबाहेर पडू शकली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु रोज सामान बांधण्याचा त्रास सर्वांत अधिक होतो तो वृद्धांनाच. एका ठिकाणी चार-पाच रात्री स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर आजींना वरणभात करता येतो, दुपारी विसावा घेता येतो आणि मुलांना बागेत पाठवता येते.

आपल्या शाळांची सुट्टी या बाबतीत मोठी अनुकूल आहे. युरोपातल्या शाळा बहुधा जून-जुलैत बंद होऊन तिथली माणसे स्वतः प्रवासाला बाहेर पडतात, त्याआधीच मे महिन्यात आपण तिथे पोहोचू शकतो. हवा सुखद असते आणि महिनाअखेर पॅरिसमध्ये रात्री साडेनऊच्या पुढेही उजेड असतो. फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि व्हिएन्ना एवढी तीनच शहरे घेतली तरी दोन आठवडे भरगच्च होतात. पहिल्या दोहोंत रेल्वेने दोन-सव्वादोन तासांचे अंतर आहे, आणि व्हेनिसहून व्हिएन्नापर्यंतचा दिवसभराचा आगगाडीचा प्रवास आल्प्स पर्वत डोळे भरून पाहण्यासाठी आयताच मिळतो.

अशा रीतीने राहून आलेले मूल आपल्या गावी परतल्यावर तळ्याकाठच्या बागेकडे, जुन्या वाड्याकडे आणि पडक्या तटाकडे निराळ्या नजरेने पाहील. हे कोणाचे, याची निगा कोण राखतो, इथे सर्वांना येता येते की नाही, असे प्रश्न ते विचारू लागेल, आणि त्या प्रश्नांतूनच नागरिक घडतो. परदेशप्रवासाचे याहून मोठे फळ मला दिसत नाही. सहल कंपन्या गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणेच कार्यक्रम आखतात. तेव्हा पुढल्या वर्षीचा बेत ठरवताना एकूण किती देश दाखवाल, हे न विचारता एका शहरात किती रात्री ठेवाल, हे पालकांनी विचारावे. हा प्रश्न पुरेशा कुटुंबांनी विचारला, तर कार्यक्रम बदलण्यास फार काळ लागणार नाही.