निकाह झाला, नोंद कधी?

वेल्ह्याचा माझा एक मित्र पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करत होता. त्याची बायको मूळची गोव्याची. तिचे आजोबा १९६१ पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले. त्या आधारावर तिला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि ती डब्लिनला नोकरी करू लागली. निकाह वेल्ह्यात झाला. भोरहून काझीसाहेब आले, मेहर ठरला, उर्दूतल्या निकाहनाम्यावर सह्या झाल्या. पंधरा दिवसांनी ती परत गेली. तो मात्र आठ महिने इथेच अडकून पडला.

पहिले काही महिने एका एजंटाने खाल्ले. बँकेत मोठी शिल्लक दाखवा, इंग्रजीची परीक्षा द्या, व्हिसाची फी भरा, असं तो सांगत राहिला आणि मित्र पैसे देत राहिला. कायदा मात्र वेगळंच सांगतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार, संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात नोकरी करत असेल, तर त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराला सोबत राहण्याचा हक्क आहे, मग तो जोडीदार कोणत्याही देशाचा असो. व्हिसा मोफत आणि लवकरात लवकर द्यायचा असतो. जोडीदार आधी दुसऱ्या एखाद्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला असावा, ही आयर्लंडची अट युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २००८ रोजी मेटॉक खटल्यात रद्द ठरवली.

हा हक्क सगळ्यांना सारखा नाही, हेही समजून घ्यायला हवं. तो देश बदलणाऱ्या नागरिकांसाठी आहे. जर्मन नागरिक जर्मनीतच राहत असेल, तर त्याच्या भारतीय जोडीदाराला २००७ पासून साधारणपणे जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये ३१ डिसेंबर २०२० नंतर युरोपीय नियमच संपले. स्विंडनसारख्या शहरात पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले कितीतरी गोवेकर आहेत. त्यांच्यापैकी कुणी त्या तारखेनंतर भारतात लग्न केलं, तर जोडीदाराला नेण्यासाठी उत्पन्नाची अट लागते. ही अट ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली. म्हणजे गोदामात किंवा हॉटेलात राबणाऱ्याने संसार एकत्र करावा की नाही, हे त्याचा पगार ठरवतो. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

पण माझ्या मित्राच्या वाट्याला हा अन्याय आलाच नव्हता. कायदा त्याच्या बाजूने होता. एजंटाला सोडून त्याने स्वतः अर्ज तयार केला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला: विवाहाचं सरकारी प्रमाणपत्र कुठे आहे? ते नव्हतंच. उरलेले महिने त्यात गेले.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी बंधनकारक आहे. मुदत ९० दिवसांची, सोबत तीन साक्षीदार. गावात हे काम ग्रामसेवक करतात, म्हणजे वेल्ह्यातच, घरापासून चार पावलांवर. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही आपल्याकडे 'निकाह झाला ना, मग सरकारी कागद कशाला?' असं विचारलं जातं.

नोंद नसली म्हणून निकाह अवैध ठरत नाही, हे खरं. पण निकाह हा मुळात साक्षीदारांसमोर केलेला करार आहे. करार जपून ठेवणं, गरज पडेल तेव्हा दाखवता येणं, हा दीनाला परका विचार नाही. शिवाय इथे प्रश्न फक्त परदेशी जाणाऱ्या मुलांचा नाही. नवरा परदेशात गेला आणि त्याने हात वर केले, तर निकाहनाम्याची एकुलती प्रत त्याच्याच बॅगेत असलेल्या मुलीने काय दाखवायचं?

आपल्या देशाचा नियमही बघा. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवं असेल, तर विवाह नोंदलेला आणि दोन वर्षं टिकलेला असावा लागतो. घटस्फोट झाला की ते कार्ड रद्द होऊ शकतं. युरोपकडे न्याय मागताना, इथे नांदायला आलेल्या बाईचं राहणं नवऱ्याच्या मर्जीवर का असावं, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करूया. प्रत्येक जमातीने निकाहच्या दिवशीच नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या हातात द्यावी. शिकलेल्या मुलामुलींनी एजंटाकडे जाण्याआधी नियम स्वतः वाचावेत आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावेत.

मित्र आता डब्लिनला आहे. व्हिसाला एक रुपयाही लागला नाही. एजंटाला दिलेले पैसे आणि ते आठ महिने मात्र परत मिळाले नाहीत.