आधी आईंना विचारा

विमा कंपनीच्या तक्रार विभागात माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं गेली. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांच्या पॉलिसीचे कागद वाचून द्यायला बसते. येताना बहुतेक वेळा मुलगा नाहीतर सून पुढे असते. हातात फाइल, आवाज चढलेला. "मॅडम, आमच्या आईला फसवलं." आई मागे, मांडीवर पिशवी धरून गप्प बसलेली.

मी फाइल लगेच घेत नाही. आईंना पुढच्या खुर्चीवर बसवते आणि विचारते, "ताई, तुम्हाला काय सांगितलं होतं?" मुलगा उत्तर द्यायला लागला की त्याला थांबवते. पैसे त्यांचे, सही त्यांची, म्हणजे तक्रारही त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी.

मागच्या पावसाळ्यात अशाच एक 74 वर्षांच्या ताई आल्या होत्या. मिस्टर गेल्यावर मिळालेले 10 लाख त्यांनी एफडीत ठेवले होते. मुदत संपली म्हणून बँकेत गेल्या, तर नेहमी पासबुक भरून देणारा मुलगा म्हणाला, "आजी, आता व्याज कमी होत जाणार. यात पैसे टाका, जन्मभर ठरलेली रक्कम मिळेल." ताईंनी विश्वासाने सही केली. जन्मभर ठरलेली रक्कम मिळणार, हे खरंच होतं. मुद्दल मात्र कधीच परत मिळणार नव्हतं आणि त्यांच्यामागे मुलांना एक रुपयाही मिळणार नव्हता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मी तर एफडीच समजत होते हो," एवढंच त्या म्हणाल्या.

जिला आपण पेन्शन पॉलिसी म्हणतो, त्या वार्षिकीत एकरकमी पैसे कंपनीला द्यायचे आणि कंपनीने आपल्याला हयातभर पेन्शन द्यायची, असा व्यवहार असतो. सगळा फरक पर्यायात आहे. मुद्दल परत न घेण्याचा पर्याय निवडला तर ताईंच्या वयाला 10 लाखांवर महिन्याला साधारण आठ-नऊ हजार येतात. मुद्दल वारसांना परत हवं असेल तर पेन्शन बरीच कमी बसते, साडेपाच-सहा हजारांच्या घरात. नवरा-बायको दोघांच्या हयातीपर्यंत चालणारा पर्यायही असतो. फॉर्मवर हे सगळं एका चौकोनातल्या खुणेवर ठरतं, आणि एकदा पेन्शन सुरू झाली की तो पर्याय बदलता येत नाही.

मी वार्षिकीला वाईट म्हणणार नाही. मागे कुणी नाही, डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे आणि महिन्याच्या खर्चाची चिंता आहे, अशा माणसाला ती मोठा आधार देते. एफडी समजून आलेल्या बाईला ती विकणं हा अपराध आहे.

ताईंचा फॉर्म मी भिंग लावून वाचला. वार्षिक उत्पन्न सहा लाख लिहिलेलं, त्यांना फॅमिली पेन्शन मिळते महिन्याला चौदा हजार. मोबाइल नंबर बघून मुलगा म्हणाला, "हा आमच्या घरात कुणाचाच नाही." म्हणजे पॉलिसी देण्याआधी कंपनीने खातरजमेचा जो फोन केला असेल, तो ताईंपर्यंत पोचलाच नसणार. फॉर्म इंग्रजीत, खाली सही मराठीत. अशा वेळी मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला, असं लिहून सही करायची जागा फॉर्मवर असते. ती जागा कोरी होती.

तक्रारीत आम्ही हेच लिहिलं: खोटं उत्पन्न, परका फोन नंबर, कोरी जागा. लोक अर्जात दहा वेळा 'फसवणूक' लिहितात आणि फॉर्मची प्रत मागायची राहून जाते. मग कंपनीचं ठरावीक उत्तर येतं: आपली सही आहे, पॉलिसी परत करायची मुदत उलटली आहे. अशी पत्रं मीही लिहिली आहेत. त्यातली काही लिहायला नको होती, हे मला आज पक्कं कळतं. सही केली म्हणजे समजलं असं होत नाही.

ताईंची पॉलिसी कंपनीने रद्द केली आणि दिलेली पेन्शन वजा करून बाकीचे पैसे परत केले.

सगळ्याच तक्रारी अशा नसतात. दोन भाऊ आले होते. आई पेन्शन सुरू झाल्यावर दीड वर्षात गेली आणि मुद्दल बुडालं, म्हणून संतापले होते. फॉर्म चोख होता. त्यांनी आणलेल्या कागदांत आईची हिशेबाची वही होती. तिच्यात दोन्ही पर्यायांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले आणि खाली लिहिलेलं, 'जास्तीचा घेतला. कुणापुढे हात नको.' मी त्यांना म्हटलं, "ही फसवणूक नाही. तुमच्या आईने विचार करून घेतलेला निर्णय आहे." धाकटा ती वही बराच वेळ हातात धरून बसला. वारशाचं दुःख आणि आईवरचा अन्याय, या दोन गोष्टी वेगळ्या काढणं हे तक्रार ऐकणाऱ्याचं पहिलं काम आहे, आणि ते घरच्यांच्या रागापुढे टिकून करावं लागतं.

खरी तक्रार असेल तर रस्ता सरळ आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जायचं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. पॉलिसीधारक हयात नसेल तर वारसालाही अर्ज करता येतो. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

कंपन्यांकडे माझी एकच मागणी आहे. सहीआधी एक कागद मराठीत, ठळक अक्षरांत द्या: तुम्हाला दरमहा इतके मिळतील, तुमच्यामागे घरच्यांना इतके मिळतील. दुसरा आकडा शून्य असेल तर शून्य लिहा.

आणि वाचकहो, घरातल्या कुणा ज्येष्ठाच्या नावावर अशी पॉलिसी नुकतीच आली असेल, तर ती कोणत्या तारखेला हातात पडली ते आधी बघा. त्या दिवसापासून 30 दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. अर्जावर सही आईंचीच लागेल. तेव्हा अर्ज लिहायला घेण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना काय हवं आहे ते विचारा.