सूचना ग्राहकासाठी की न्यायालयासाठी?

'या यंत्रात कोणत्याही व्यक्तीस ठेवू नये.' हे वाक्य एखाद्या प्रहसनातील नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्रावर ते छापलेले होते. मिशिगन राज्यातील एका संस्थेने अशा विक्षिप्त सूचनांची वार्षिक स्पर्धाच सुरू केली आणि २००७ साली या वाक्याने तिचा पहिला क्रमांक पटकावला. त्याची भावंडेही कमी नाहीत. लहान मुलांच्या बाबागाडीवर 'घडी घालण्यापूर्वी मुलास बाहेर काढावे', शौचालय घासण्याच्या ब्रशवर 'वैयक्तिक स्वच्छतेसाठी वापरू नये', तर मासे पकडण्याच्या तीन टोकांच्या गळावर 'गिळल्यास अपायकारक'!

हे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, नातवंडे त्या देशात स्थिरावली आहेत. त्यांनी सुट्टीत आणलेल्या वस्तूंच्या खोक्यांवर असली वाक्ये आपणही वाचली असतील आणि 'या लोकांना एवढेही कळत नाही काय?' असा शेराही मारला असेल. परंतु १९६९ साली चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या समाजाला बाबागाडीची घडी कशी घालावी हे कळत नाही, असे मानणे हा आपलाच भाबडेपणा ठरेल. खरा प्रश्न वेगळा आहे. ही सूचना लिहिली कोणासाठी?

याचे उत्तर त्या देशाच्या कायद्याच्या वाटचालीत सापडते. १९१६ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे ब्यूइक मोटारीचे एक प्रकरण आले. लाकडी आऱ्यांचे चाक मोडून मोटारमालक जखमी झाला होता. मोटार विक्रेत्याकडून घेतलेली असल्याने कारखानदाराचा ग्राहकाशी प्रत्यक्ष करार नव्हता. तरीही न्यायमूर्ती कार्डोझो यांनी कारखानदाराला जबाबदार धरले. पुढे १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. वस्तू सदोष असेल आणि तिच्यामुळे इजा झाली, तर कारखानदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही आवश्यकता उरली नाही. कालांतराने 'पुरेशी सूचना न देणे' हादेखील वस्तूचा दोषच मानला जाऊ लागला.

हा सारा प्रवास न्याय्य होता, यात शंका नाही. बलाढ्य कारखानदारापुढे एकटा ग्राहक दुबळाच असतो. परंतु त्या देशात दिवाणी दाव्यांतही नुकसानभरपाईचा आकडा सामान्य नागरिकांची ज्यूरी ठरवू शकते. शिवाय दावा जिंकल्यास भरपाईचा ठराविक हिस्सा वकिलाला, अशी फीची पद्धत तेथे रूढ आहे. आपल्याकडे वकिलांना ती निषिद्ध आहे. अशा वातावरणात कारखान्याच्या कायदा विभागाने धोरण आखले ते असे : जे जे सुचेल ते ते छापून टाका. उद्या कोणी न्यायालयात गेलाच, तर 'आम्ही सांगितले होते' असे म्हणता यावे. म्हणजे सूचना चिकटते ग्राहकाच्या वस्तूवर, पण तिचा अपेक्षित वाचक असतो न्यायाधीश!

या विषयावर बोलताना मॅकडोनाल्डच्या कॉफीचा दाखला हटकून दिला जातो. 'कॉफी सांडली आणि बाई कोट्यधीश झाल्या', ही गोष्ट आपल्याकडेही चवीने सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९२ साली न्यू मेक्सिको राज्यात ७९ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीवर ही कॉफी सांडली. तिचे तापमान ८२ ते ८८ अंश सेल्सिअस राखण्याची कंपनीची पद्धत होती. काही सेकंदांत कातडीचे सर्व थर जळाले, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, त्वचारोपण करावे लागले. तिने मागितले वीस हजार डॉलर. कंपनीने देऊ केले आठशे. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सुमारे सातशे तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. १९९४ साली ज्यूरीने वीस टक्के दोष त्या बाईंचाही मानला. दंडात्मक भरपाईचा सत्तावीस लाख डॉलरचा आकडा न्यायाधीशांनी कमी केला आणि एकूण रक्कम सहा लाख चाळीस हजारांवर आणली. अखेर उभय पक्षांत तडजोड झाली.

यातील एक तपशील मोलाचा आहे. त्या पेल्यावर कॉफी गरम असल्याची सूचना आधीपासूनच छापलेली होती! ज्यूरीला ती अपुरी वाटली. पण समजा, ती ठळक असती, तर भाजणे टळले असते काय? दोष होता तो तापमानात. कॉफी थोडी कमी गरम ठेवणे हा उपाय, अक्षरे मोठी करणे ही पळवाट. सूचनेचा कागद अनेकदा सुधारणेची जागा बळकावतो, तो असा.

दुसरा दुष्परिणाम अधिक खोल आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एक कायदा संमत केला. कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारे रसायन असेल तेथे तशी सूचना लावणे त्याने बंधनकारक झाले. हेतू उत्तम होता. परंतु सूचना न लावल्यास कोणीही खासगी व्यक्ती दावा लावू शकत असल्याने दुकाने, हॉटेले, वाहनतळ, सर्वत्र पाट्या झळकल्या. २०१८ साली तर भाजलेल्या कॉफीतील अ‍ॅक्रिलामाइडमुळे कॉफीलाही ही पाटी लावावी लागेल, असा निर्णय लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. अखेर २०१९ साली राज्यालाच नियम करून कॉफीला वगळावे लागले. जेथे प्रत्येक भिंत धोक्याची घंटा वाजविते, तेथे घंटा ऐकणार कोण? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तेथे मेंढपाळाच्या पोराची जागा छापखान्याने घेतली, एवढाच फरक.

आपल्या भाषेत 'तारतम्य' असा एक सुंदर शब्द आहे. कोणता धोका मोठा, कोणता क्षुल्लक, कोणता सांगावा लागतो आणि कोणता न सांगताही कळतो, हे ओळखणे म्हणजे तारतम्य. ते कायद्यातही हवे. समाधानाची गोष्ट अशी की, आपल्या कायद्याने ते राखले आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली अमलात आला आणि वस्तूच्या दोषाबद्दल उत्पादकाची जबाबदारी त्यात प्रथमच स्वतंत्र प्रकरणात मांडली गेली. पुरेशी सूचना न देणाऱ्या उत्पादकाला तो जबाबदार धरतो. मात्र जो धोका उघड आहे किंवा सर्वसामान्यपणे ज्ञात आहे, त्याची सूचना न दिल्याबद्दल उत्पादक दोषी ठरणार नाही, असे कलम ८७ स्पष्ट सांगते. सुरी कापते, विस्तव भाजतो, हे छापण्याची सक्ती आपल्याकडे नाही.

पण म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी काय? मुळीच नाही. अमेरिकेत उघड धोक्याची सूचना अतोनात झाली. आपल्याकडे न दिसणाऱ्या धोक्याची सूचना पोहोचतच नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष. सोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे, असे नियम सांगतात. परंतु बारीक अक्षरांतील दाट मजकूर वाचणार कोण? फवारणी करणारा मजूर तर अनेकदा ती बाटली विकत घेणाराही नसतो. हे विष श्वासावाटे आणि कातडीतूनही शरीरात भिनते, हे काही डोळ्यांना दिसत नाही. येथे सूचना हवी, ठळक हवी, मराठीत हवी आणि वाचता न येणाऱ्याला कोणीतरी तोंडी सांगायला हवी. त्याचबरोबर परवडणारे हातमोजे आणि मुखवटेही हवेत. नाहीतर येथेही कॉफीच्या पेल्याचीच पुनरावृत्ती व्हायची.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहक जागा करणे हेच त्याचे सूत्र होते. जागा ग्राहक म्हणजे केवळ भरपाई मागणारा ग्राहक नव्हे. घेतलेल्या वस्तूवरील मजकूर तो वाचतो, न कळल्यास विचारतो आणि शेजाऱ्यालाही समजावून सांगतो. गावाकडे शेती असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पुढील फवारणीपूर्वी बाटलीवरचा रंग मजुराला दाखवून त्याचा अर्थ सांगितला, तरी मोठे काम होईल. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण रोज वापरतो. यवतमाळमध्ये पुढच्यांना लागलेली ठेच प्राणघातक होती. तिच्यातून शहाणे होण्याची जबाबदारी मागच्यांची, म्हणजे आपली आहे.