सर मायकेल सॅडलर आणि शाळेचें स्थान

शाळा म्हणजे कॉलेजची पायरी, असें आपण पालक व शिक्षक नेहमीं बोलतों. हें बोलणें मला पटत नाहीं. आणि या बाबतींत एका कुलगुरूचीच साक्ष माझ्या बाजूस आहे.

सर मायकेल सॅडलर (१८६१–१९४३) हे १९११ पासून १९२३ पर्यंत इंग्लंडांतील लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू व नंतर १९३४ पर्यंत ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख होते. परंतु या मानाच्या जागा मिळण्यापूर्वींचीं उमेदीचीं वर्षें त्यांनीं शाळांच्या विचारांत घालविलीं. परदेशांतील शिक्षणपद्धतींचा अभ्यास करणारी एक सरकारी कचेरी १८९५ सालीं त्यांच्या हातीं आली. परक्यांची पद्धति उचलून आपल्या देशांत रुजवितां येत नाहीं, आणि भिंतींबाहेरचा समाज पाहिल्यावांचून शाळा कळत नाहीं, असें त्यांनीं १९०० सालच्या एका व्याख्यानांत प्रतिपादिलें. पुढें वरिष्ठांशीं खटका उडाला, तेव्हां १९०३ सालीं राजीनामा देऊन ते मोकळे झाले.

त्यांचें सगळेंच मला मान्य आहे असें मात्र नव्हे. १९१३ सालीं लीड्सच्या नगरपालिकेच्या कामगारांनीं संप केला, तेव्हां विद्यापीठाचे विद्यार्थी संपकऱ्यांच्या जागीं कामास गेले, व कुलगुरूंनीं त्यांस पाठिंबा दिला. भिंतींबाहेरचा समाज पाहा म्हणणाऱ्याला भिंतीलगतचा मजूर दिसूं नये, हें खटकतें.

१९१७ सालीं कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीमंडळाचे अध्यक्ष म्हणून ते हिंदुस्थानांत आले. सर आशुतोष मुखर्जी हे त्यांचे एक सहकारी होते. विद्यापीठ तपासावयास आलेल्या या मंडळानें १९१९ च्या अहवालांत बोट ठेवलें तें शाळेवर! इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून काढून शालेय शिक्षणाशीं जोडावे, त्यांस निराळें मंडळ द्यावें, व पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा करावा, असें त्यांनीं सुचविलें. डाक्का विद्यापीठ १९२१ सालीं निघालें. पण खुद्द कलकत्त्याचा कारभार फारसा पालटला नाहीं.

आपल्याकडे अकरावी-बारावी शिक्षणमंडळाकडे आहे खरी. तरी पुष्कळ ठिकाणीं ते वर्ग कॉलेजच्या आवारांतच भरतात. दहावी होतांच ‘शाळा सुटली’ म्हणून मुलें हर्षानें उड्या मारतात, आणि आपणही त्यांस मोकळें सोडतों. सोळा वर्षांचें मूल मग भरगच्च वर्गांत हजेरीपटावरील केवळ एक आंकडा होऊन बसतें. त्याला नांवानें हांक मारणारा शिक्षक आणखी दोन वर्षें तरी हवा असतो. ज्या हायस्कुलांस हे वर्ग जोडलेले आहेत, त्यांची चौकशी पालकांनीं कॉलेजच्या नांवास भुलण्यापूर्वीं अवश्य करावी.