इंजिन घेण्याआधी मिस्त्रीचे गाव पाहा



कापसाचा भाव गावात खेडा खरेदीवाल्याकडे एक असतो, तालुक्याच्या जिनिंगच्या दारात दुसरा असतो आणि कडी-राजकोटच्या जिनिंगच्या दारात तिसरा असतो. या तीन भावांमधला फरक आजवर ज्याची गाडी त्याच्या खिशात गेला. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. आपलाच कापूस परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. ते नाके उठले, पण गाडी काही आपली झाली नाही. आता ठिकठिकाणची पोरे दहा-बारा घरांचे पैसे एकत्र करून जुना ट्रक घ्यायचे म्हणत आहेत. काही घरांत त्यासाठी दागिने निघतील. तेव्हा जिल्हा बैठकीत हा विषय मोकळेपणाने बोलला पाहिजे.

चर्चा मात्र भलतीकडे चालली आहे. टाटा की लेलँड, हॉर्सपॉवर किती, एव्हरेज किती. बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. ट्रकच्या बाबतीत मात्र केबिनचा रंग पाहून इसार द्यायला निघतो.

आधी हिशेब करू. यवतमाळ-अकोल्याकडून कडीला जायचे तर आठशे-हजार किलोमीटर पडतात. जाऊन-येऊन दोन हजार धरा. गाडीने लिटरला पाच किलोमीटर दिले तर ४०० लिटर डिझेल लागेल, साडेचार दिले तर ४४४. नव्वद रुपये लिटरने हा फरक चार हजारांचा झाला. आता गाडीत शंभर क्विंटल कापूस आहे आणि गाडी कोंडाईबारीच्या घाटात तीन दिवस उभी राहिली असे समजा. तेवढ्यात भाव क्विंटलला शंभर रुपयांनी उतरला तर दहा हजार गेले. वर मिस्त्री, क्रेन, ड्रायव्हरचा भत्ता आणि पाऊस आला तर भिजलेला कापूस. एव्हरेजच्या भांडणात सगळी सभा घालवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. आपल्याला कमी पिणारे इंजिन हवे आहे, पण त्याआधी न थांबणारे आणि थांबलेच तर तिथल्या तिथे चालू होणारे इंजिन हवे आहे.

आपला माल कोणता, हेही पाहिले पाहिजे. ज्वारीची पोती गाडी वजनाने भरतात. कापूस गाडी आकाराने भरतो. ज्वारीच्या गाडीचे इंजिन चढावर दमते. कापसाची गाडी वजनाला हलकी वाटते, पण उंच रचलेला माल सपाट रस्त्यावर तासन् तास वारा अडवतो. म्हणजे कापसाच्या गाडीला सपाटीवरही विसावा नाही. अशा कामाला कमी फेऱ्यांवर जोर देणारे मोठे इंजिन लागते. विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन आठवा. दीड हजार फेऱ्यांवर ठुकठुक करत ते बापाच्या वेळेपासून चालले आहे, कारण त्याला कोणी पळवत नाही. ट्रकच्या इंजिनालाही हाच न्याय लागू आहे. लहान, चार सिलिंडरच्या इंजिनातून जास्त फेऱ्यांवर काढलेली हॉर्सपॉवर कागदावर तेवढीच दिसते, पण दहा-दहा तास भार ओढताना ती महाग पडते. म्हणून विकणाऱ्याला हॉर्सपॉवर विचारू नका. टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांवर, हे विचारा. बाराशे ते सोळाशेच्या दरम्यान पूर्ण जोर मिळाला तर ते आपल्या कामाचे.

जुन्या बाजारात अशी तीन घराणी आहेत. टाटाचे ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. त्याचे मूळ मर्सिडीज-बेंझचे, त्या कंपनीशी टाटांचा करार १९५४ ते १९६९ होता. दुसरे कमिन्सचे बी मालिकेतले ५.९ लिटरचे इंजिन, जे टाटाच्याच गाड्यांत येते. तिसरे अशोक लेलँडची एच मालिका, जिचे मूळ जपानच्या हिनोचे. तिन्ही सहा सिलिंडरची, तिन्ही साडेपाच ते सहा लिटरमधली. यांतले कोणतेही वाईट नाही, आणि माझ्या मते यांच्यात श्रेष्ठ कोण हा वाद चहाच्या टपरीवर सोडून द्यावा. एवढे मात्र लक्षात ठेवा, की कमिन्सच्या या इंजिनात बोअर थेट ब्लॉकमध्येच आहे. झिजल्यावर ब्लॉक बोअर करावा लागतो किंवा स्लीव्ह बसवावी लागते, आणि ते काम चांगल्या वर्कशॉपचे आहे, रस्त्याकडेचे नाही.

खरा फरक पंपात आहे. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद झाली. त्याआधीच्या कित्येक ट्रकना मिस्त्री ज्याला मिको पंप म्हणतात तो साधा पंप होता. खामगाव, मलकापूर, जळगाव, धुळे अशा गावांत तो खोलणारा माणूस सापडतो. त्यानंतर बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल आले. त्यात डिझेल सोळाशे बार आणि त्याहून जास्त दाबाने जाते. पाणी मिसळलेले किंवा भेसळीचे डिझेल पडले की नोझल जाते, आणि बिघाड शोधायला पाना नाही, संगणक लागतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या ओळखीची आहे: युरिया. धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारण्यासाठी शुद्ध पाण्यातले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते संपले की गाडी स्वतःच आपला जोर कमी करते. कोणाच्याही मनात येईल की युरिया तर घरात पडला आहे. तो चुकूनही टाकू नका. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाचे तेल लावूनच येतो. तो आणि विहिरीचे क्षारयुक्त पाणी मिळून धुराड्यातली महागडी यंत्रणा कायमची निकामी करतील. शिवाय या गाड्यांची काजळीची जाळी लांबच्या, गरम धावेत आपोआप साफ होते. गाव ते बाजार अशा तुटक फेऱ्यांत ती तुंबते. म्हणजे बारा महिने लांबच्या भाड्यावर राहणाऱ्या गाडीला बीएस-६ चांगली, आणि धूर कमी करते हेही खरे. पण आपली गाडी चार महिने कापूस वाहील, मधेच ज्वारीची एखादी फेरी करील आणि पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी राहील. तिथे उंदीर वायरी कुरतडतात आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात ते द्रावणही खराब होते.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. हंगामी कामाला २०१५-१६ च्या सुमाराची, साध्या पंपाची, सहा सिलिंडरची बीएस-३ गाडी बघा. त्याहून फार जुनी नको. १५ वर्षांवरच्या गाडीचे फिटनेस शुल्क २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढले आहे.

पाहायला जाल तेव्हा सकाळी, न कळवता जा. इंजिनाला हात लावा. गरम असेल तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवले आहे. थंड इंजिन किती वेळात उठते ते पाहा. चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढा. तिथून गाडीसारखा धूर फेकत असेल तर रिंगा-बोअर गेले. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. भार ओढताना सतत काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केटकडे संशयाने पाहा. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

गाडी घेतल्यावर तिला मारतात त्या दोन गोष्टी, आपल्या मातीची धूळ आणि आपले पाणी. एअर फिल्टर टायरवर आपटून झटकण्याची सवय वाईट आहे. कागद फाटतो आणि बारीक धूळ थेट बोअरमध्ये जाते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरले तर केटलीत धरते तसे खरड आत धरते. कूलंटच वापरा.

इसार देण्याआधी प्रत्येक गटातल्या दोघांनी एसटीने का होईना, पूर्ण रस्ता एकदा करावा. धुळ्यात, साक्रीत, नवापुरात आणि सुरतेत उतरून त्या इंजिनाचे हेड गॅस्केट, नोझल आणि पाण्याचा पंप आज मिळतो का, कितीला मिळतो आणि रात्री दुकान उघडणारा कोण, हे वहीत लिहून बैठकीला आणावे. जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा इंजिनाच्या कामासाठी बाजूला राहत नसेल त्या गटाने या हंगामात भाड्याचीच गाडी करावी आणि पुढच्या वर्षी घ्यावी.